विश्वस्त म्हणजे मालक नव्हे

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस मानवंदना देतात, दारोदारी आरती होते. देव गावाचा, याबद्दल दुमत नाही. पण हिशेबाचा विषय निघाला की पेण असो वा रोहा, एक वाक्य हमखास कानावर येतं : "देऊळ ट्रस्टींचं, आपण कोण विचारणार?"

इथेच गफलत होते. विश्वस्त (दुसऱ्यांच्या हितासाठी मालमत्ता सांभाळणारा) मालक नसतो. लग्नघरात कोठीच्या किल्ल्या एखाद्या मामांच्या कमरेला असतात; म्हणून तूप-साखर मामांची होत नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 देवळांप्रमाणेच चर्च, अग्यारी यांनाही लागू आहे. हिशेब ठेवणं बंधनकारक आहे. देवस्थानची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची (न्यासांवर देखरेख ठेवणारे अधिकारी) पूर्वपरवानगी हवी. बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायची तरीही.

आणि विचारणारे आपण कोण? कायद्याच्या भाषेत 'हितसंबंधित व्यक्ती' (त्या देवळात नित्य दर्शनाला जाणारा किंवा जाण्याचा हक्क असलेला). मोठी देणगी दिलेलीच हवी, असं नाही. गैरव्यवहाराची शंका असेल, तर अशा दोघांना आयुक्तांच्या लेखी संमतीने दावाही लावता येतो. अर्थात त्याआधी सभेत जमाखर्च मागून पाहावा. बरेचदा वही समोरच्या कपाटातच असते.