अमेरिका लहान होती तेव्हा

२७ ऑगस्ट २०२५ला अमेरिकेने भारताच्या बहुतेक मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. त्यातले २५ टक्के तर रशियाचं तेल घेतल्याचा दंड! मला अमेरिकेचं तरुणपण आठवलं.

यादवी युद्धाआधीची अमेरिका हेच तर सांगत होती: भांडण तुमचं, व्यापार आमचा. कायमची सोयरीक कुणाशीच नको, हे अध्यक्ष वॉशिंग्टनने १७९६ला जाता जाता बजावलं होतं. इंग्रज-फ्रेंच झुंजीत दोघांशी व्यापार करण्याचा हक्क इंग्रज मानेनात, वर अमेरिकन जहाजांवरचे खलाशी पळवू लागले. १८१२ला युद्ध पेटलं. ते चालू असतानाच फेब्रुवारी १८१३मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मुंबईत उतरले. एक तर मिशनरी, त्यात शत्रूदेशाचे. कंपनी सरकार त्यांना हुसकायलाच निघालं होतं. काम तगलं, म्हणून १८३१ला मिशन आमच्या नगरला आलं आणि १८४२ला इथे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. अमेरिकेच्या पुढच्या, १८६१पर्यंतच्या तहांची जंत्री शाळेत घोकली आणि विसरलो.

विसरलो नाही ते १९६०चं दशक. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळायची. आई उकळत्या पाण्यात पीठ मळायची, तरी थापताना भाकरी कडेने चिरायचीच. अमेरिकेविरुद्ध ब्र काढला की आमचे एक गुरुजी म्हणत, “ज्याचं खावं त्याला नावं ठेवू नयेत.” गुरुजी, ते धान्य फुकट नव्हतं हो, रुपये मोजून घेत होतो! त्याच अमेरिकेने डिसेंबर १९७१च्या बांगलादेश युद्धात मदत रोखली आणि सातव्या आरमाराचं एक पथक बंगालच्या उपसागरात धाडलं.

नगरच्या किल्ल्यात १९४२ ते ४५ कैदेत राहिलेल्या नेहरूंनी पुढे अलिप्ततेची वाट धरली, तर १९५६ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी तटस्थता अनैतिक ठरवली. वॉशिंग्टनने सांगितलं की शहाणपण, नेहरूंनी केलं की पाप. आज अलिप्ततेचं नाव दिल्लीत क्वचितच ऐकू येतं, याचं वाईट वाटतं.

डिसेंबर १८१४मध्ये गेंटला तह झाला आणि १८१२चं ते युद्ध मिटलं. ज्या हक्कासाठी अमेरिका लढली, त्याबद्दल तहात अवाक्षर नाही. वाटाघाटींना बसणाऱ्या आपल्या मंडळींनी तो तह एकदा वाचावा.