उन्हाळ्याची सुट्टी, विलायतेची कचेरी

अमेरिकेतल्या कॉलेजांना उन्हाळ्यात सुट्टी असते. तेव्हा काही विद्यार्थी लंडनला जातात आणि पार्लमेंटच्या एखाद्या सभासदाच्या कचेरीत काम शिकतात. तिथल्या लोकसभेत, म्हणजे हाऊस ऑफ कॉमन्समध्ये, ६५० सभासद आहेत. काम काय? भाषण ठोकायचे नव्हे बरे! मतदारांची पत्रे वाचायची. कुणाचे घर गळते, कुणाची पेन्शन अडली, ते टिपायचे. उत्तराचा मसुदा लिहायचा. सभा चालू असली की बुधवारी दुपारी १२ वाजता पंतप्रधानांना प्रश्न विचारतात, तेही पाहावे. या कामाचे गुण पुष्कळदा पदवीत धरतात. पगार मात्र बहुधा नसतो. विमानभाडे, राहणे, फी, सारे पदरचे! मग गरिबाचे हुशार पोर मागे राहते, हे आम्हाला पटत नाही. काही कॉलेजे शिष्यवृत्ती देतात, पण ती थोड्यांनाच मिळते.