तुटवड्याची खूण

साठच्या दशकात क्युबात छापलेलं सिनेमाचं पोस्टर हातात आलं, तर आधी त्यावरून हलकेच बोट फिरवून पाहावं. रंगाची कड बोटाला जाणवते. स्क्रीन प्रिंटिंगच्या लग्नपत्रिकेवर अक्षरं कागदाच्या जरा वर उठलेली असतात, तशीच. मग पोस्टर खिडकीशी तिरकं धरावं. एका रंगावर दुसरा रंग चढला आहे तिथे बारीकशी पायरी दिसते, आणि कुठेतरी लाल रंग काळ्याच्या रेषेबाहेर केसभर सरकलेलाही सापडतो. अस्सल प्रत आणि नंतरची छपाई यांतला फरक शोधताना मी इथूनच सुरुवात करतो. निकाल मात्र इथे देत नाही.

हे रंग असे का बसले, हे समजायला 1959 कडे जावं लागतं. क्रांती होऊन तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा मार्चमध्ये हवानात सरकारी चित्रपट संस्था उभी राहिली. ‘इकाइक’ हे तिच्या स्पॅनिश नावाचं लघुरूप. पुढच्याच वर्षी तोमास गुतिएरेस आलेआ यांच्या ‘इस्तोरियास दे ला रेवोलुसिओन’ या चित्रपटाचं पोस्टर एदुआर्दो मुन्योस बाक्स यांनी केलं आणि एक परंपरा सुरू झाली. या संस्थेनं एक विलक्षण गोष्ट केली. परदेशी चित्रपटालाही मूळ देशातलं पोस्टर न लावता हवानातल्या चित्रकाराकडून नवं करून घेतलं. जपानी ‘हाराकिरी’साठी आंतोनियो फर्नांदेस रेबोइरो बसले, फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोच्या ‘बेसोस रोबादोस’साठी रेने आस्कुय. तिकीटबारीवर नट-नट्यांचे चेहरे विकायचे नव्हते. त्यामुळे चित्रपट पाहून मनात जे उरलं, तेच कागदावर आणायची मोकळीक चित्रकाराला मिळाली. अशी मोकळीक देणाऱ्या सरकारी कचेऱ्या जगात फार झाल्या नसतील.

मोकळीक होती, सामान नव्हतं. अमेरिकेची व्यापारबंदी 1960 मध्ये सुरू झाली आणि 1962 मध्ये पूर्ण आवळली गेली. कागद, शाई, छपाईची फिल्म, सगळ्याचीच ओढाताण. स्क्रीन प्रिंटिंग क्युबात आधीपासून रुळलेलं होतं आणि त्याला मोठं यंत्र लागत नाही. चौकटीवर ताणलेलं कापड, त्यावर स्टेन्सिल आणि शाई ओढायला रबराची पट्टी, एवढ्यावर काम भागतं. प्रत्येक रंगासाठी वेगळं स्टेन्सिल लागे आणि पुष्कळ वेळा ते कारागीर पात्यानं हातानं कापत. पोस्टर साधारण 51 बाय 76 सेंटिमीटरचं. हवानाच्या रस्त्यांवर छत्रीच्या आकाराची उभारणी असे. लोक तिला ‘पाराग्वितास’, म्हणजे छोट्या छत्र्या म्हणत. तिच्यावर ही पोस्टरं ऊन-वारा खात राहायची. पुढे कोणी ती जपेल, विकेल, असा विचार छापताना नव्हता. म्हणूनच त्यांवर प्रतींचे क्रमांक नसतात, चित्रकाराची पेन्सिलीतली सही नसते. ओळख पटवायची ती तुटवड्याच्या खुणांवरून.

आता भिंग काढावं. सपाट रंगाच्या जागी निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके जाळीसारखे दिसले, तर ते जुन्या पोस्टरचा फोटो काढून केलेलं ऑफसेट छापकाम आहे. तिथे शोध संपला. ठिपके नसतील तर अक्षरांच्या कडा पाहाव्यात. हातानं कापलेल्या स्टेन्सिलची कड स्वच्छ असते, वळणावर पातं थबकल्याचा बारीक कोनही कधी दिसतो. फोटोवरून केलेल्या स्टेन्सिलच्या कडेला कापडाच्या विणीचे करवतीसारखे दाते येतात. पण आस्कुयसारखे चित्रकार मुळातच फोटो वापरत, त्यामुळे दाते दिसले म्हणून पोस्टर बाद करू नये. खाली चित्रकाराचं, दिग्दर्शकाचं, देशाचं नाव देणाऱ्या लहान अक्षरांकडे मात्र निरखून पाहावं. प्रतीवरून प्रत केली की ‘ए’ आणि ‘ओ’ची पोटं शाईनं भरून येतात. खात्रीच्या प्रतीशी चित्राची मापं ताडून पाहिली, तर काही मिलिमीटरचा फरकही बोलका ठरतो.

कागद खोटं बोलतो, पण सफाईनं बोलू शकत नाही. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद उजेडानं पिवळा पडतो, तो बाहेरून आत. कडा गडद होतात, झाकलेली जागा फिकी राहते. चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारा केलेला कागद मात्र पुढून-मागून एकाच छटेचा असतो. अतिनील दिव्याखाली निळसर पांढरा झळाळणारा कागद संशय वाढवतो. पण असं झळाळणारं रसायन जगभर कागदात पन्नाशीच्या दशकापासूनच येऊ लागलं होतं, म्हणून तो पुरावा नव्हे. पोस्टर उलटून मागची बाजू पाहायला विसरू नये. पातळ कागदावर शाईतलं तेल झिरपून चित्राची पुसट सावली मागे उमटलेली असते.

सगळ्यांत अवघड प्रकरण मात्र नकलाकारांचं नाहीच. क्युबाला माल पुरवणारा सोव्हिएत संघ 1991 मध्ये कोसळला आणि क्युबात कागदाचाही दुष्काळ पडला. त्यानंतर पर्यटक येऊ लागले, तशी हवानात जुनी गाजलेली पोस्टरं पुन्हा स्क्रीनवर छापून विकली जाऊ लागली. शहर तेच, पद्धत तीच, संस्थेचं नावही तेच. बोटाला रंग जाणवतो, भिंगाखाली ठिपके नाहीत. तिथे फक्त कागद, मापं आणि शाईची छटा यांवरच मदार. अशा प्रतीला मी नकली म्हणणार नाही. ती प्रामाणिक वस्तू आहे, फक्त तिचा जन्म उशिराचा.

राजकीय पोस्टरांची परीक्षा वेगळी. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या लोकांच्या एकजुटीसाठी हवानातल्या त्रिखंड परिषदेतून 1966 मध्ये ‘ओस्पाल’ ही संघटना निघाली. 2019 मध्ये ती बंद झाली. तिची पोस्टरं ऑफसेटवर छापली जात. इथे ठिपके दिसले म्हणून नाक मुरडणारा फसतो. घडी घालून ती ‘त्रिकोंतिनेंताल’ नियतकालिकात ठेवत आणि देशोदेशी टपालानं पाठवत. म्हणून मजकूर बहुधा स्पॅनिश, इंग्रजी, फ्रेंच आणि अरबी अशा चार भाषांत. एलेना सेरानो यांचं 1968 चं पोस्टर, ज्यात चे गव्हेराचा चेहरा दक्षिण अमेरिकेच्या नकाशात विरघळत जातो, ते याच घरातलं. एरवी संग्राहक घडीला दोष मानतात. इथे घडी म्हणजे टपालाचा शिक्का. खऱ्या घडीत शाई तडकून आतला पांढरा कागद दिसतो, छापलेल्या घडीत फक्त राखाडी रेघ असते. न पाठवलेल्या, घडी नसलेल्या अस्सल प्रतीही आहेत, हेही ध्यानात ठेवावं.

बाजारात दोन गोष्टी हमखास क्युबाच्या नावावर खपतात. लाल पार्श्वभूमीवरचा काळा चे हा क्युबन छायाचित्रकार कोर्दांच्या 1960 च्या फोटोवरून केलेला असला, तरी तो आयरिश चित्रकार जिम फिट्झपॅट्रिक यांचा. दुसरी गोष्ट पुस्तकाची. ड्यूगल्ड स्टर्मर यांनी 1970 मध्ये 96 क्युबन पोस्टरांचं भल्या मोठ्या आकाराचं पुस्तक काढलं, सूझन सॉन्टॅग यांच्या निबंधासह. त्यातलं सुटं पान काचेमागे गेलं की सहज पोस्टर वाटतं. चौकट उघडून पानाची मागची बाजू पाहू न देणाऱ्याकडून मी काही घेत नाही.

वस्तूबरोबर तिची कहाणीही मागावी. ऊसतोडणीला हात लावायला 1969 पासून अमेरिकी तरुणांच्या ‘वेन्सेरेमोस’ तुकड्या क्युबात जात. अशा तुकडीतल्या कोणी परतताना गुंडाळून आणलेलं पोस्टर, सोबत त्या वर्षीची पत्रं, हा पुरावा कुठल्याही दिव्यापेक्षा भक्कम. आल्फ्रेदो रोस्तगार्द यांचं 1967 चं निषेधगीतांच्या मेळाव्याचं पोस्टर, काट्यातून रक्ताचा थेंब गळणारा गुलाब, आजवर असंख्य वेळा पुन्हा छापलं गेलं आहे. हवानाच्या दुकानात ते घेणाऱ्याला वर्ष ठाऊक असतं. दुसऱ्या, तिसऱ्या हाती जाताना ते वर्ष गळून पडतं. आपल्याकडे अशी नंतरची प्रत असेल, तर कोपऱ्यात मागे पेन्सिलीनं विकत घेतल्याचं वर्ष आणि गाव लिहून ठेवावं. त्याला दोन मिनिटं लागतात.