सदिच्छेचा जमाखर्च

अंबाडी नाक्यावरून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमच्या परिसरातील मुले एस.टी.ची वाट पाहत उभी असतात. मे २०२५ मध्ये ‘तारिणी’ ही नौदलाची शिडाची नौका पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्यास परतली, त्या सुमारास याच नाक्यावर एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, दोन अधिकारी स्त्रिया जगाला वळसा घालून आल्या याचा अभिमान आहेच, पण यात आपल्या गावाला काय मिळाले?” प्रश्न उद्धट नव्हता. तानसेचे पाणी शतकाहून अधिक काळ मुंबईला जात आहे आणि त्याच खोऱ्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात हंडे घेऊन पायपीट करावी लागते, हे पाहत वाढलेल्या मुलाने सार्वजनिक पैशाचा हिशेब विचारावा, यात गैर ते काय? अर्थशास्त्राच्या अध्यापकाने तर असा प्रश्न टाळूच नये.

या प्रश्नाला इतिहासात एक मोठे उदाहरण आहे. १६ डिसेंबर १९०७ रोजी अमेरिकेच्या १६ युद्धनौका व्हर्जिनियातील हॅम्प्टन रोड्स बंदरातून निघाल्या. सर्व नौकांना शुभ्र रंग दिलेला. प्रमुख नौका ‘कनेक्टिकट’. बरोबर सुमारे १४,००० खलाशी. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी धाडलेला हा ताफा दक्षिण अमेरिकेला वळसा घालून ऑस्ट्रेलिया, फिलिपाइन्स व जपान करीत, डिसेंबर १९०८ मध्ये कोलंबोला थांबून, सुएझमार्गे २२ फेब्रुवारी १९०९ रोजी स्वदेशी परतला. प्रवास सुमारे ४३,००० मैलांचा. नाव सदिच्छेचे होते. हेतू मात्र संमिश्र होता. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जपानी मुलांना वेगळ्या शाळेत बसविण्याचा निर्णय झाल्यापासून अमेरिका-जपान संबंध ताणले गेले होते. तेव्हा हस्तांदोलनासाठी पुढे केलेल्या त्या हातात तोफाही होत्या. योकोहामा येथे शाळकरी मुलांनी गाणी म्हणून या नौकांचे स्वागत केले, हेही तितकेच खरे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या सफरीत तीन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली पैशाची. सिनेटमधील विरोधकांनी खर्च अडविण्याची धमकी दिली, तेव्हा पॅसिफिकपर्यंत जाण्यापुरता पैसा आपल्याकडे आहे, असे रूझवेल्ट यांनी सुनावले. परतीचा खर्च मग संसदेला टाळता येणारच नव्हता. लोकशाहीत खर्च मंजूर करवून घेण्याची ही रीत चतुर असेल, अनुकरणीय खचित नाही. दुसरी गोष्ट कोळशाची. सामर्थ्य मिरविणाऱ्या या नौकांचा कोळसा मुख्यतः परदेशी, त्यातही ब्रिटिश, मालवाहू जहाजांनी पुरविला. तिसरी गोष्ट कालबाह्यतेची. ताफा निघण्यापूर्वी वर्षभर आधी इंग्लंडची ‘ड्रेडनॉट’ नौदलात दाखल झाली होती. तिच्यावर बारा इंची दहा तोफा, तर शुभ्र ताफ्यातील प्रत्येक नौकेवर त्या तोडीच्या तोफा चारच. म्हणजे जग ज्या नौकांकडे डोळे विस्फारून पाहत होते, त्या जुन्या झालेल्या होत्या. १९२२ च्या वॉशिंग्टन करारानंतर त्यांतील बहुतेक भंगारात निघाल्या. ‘कनेक्टिकट’ १९२३ मध्ये विकली गेली.

मग शिल्लक काय उरले? माझ्या मते एक प्रसंग. डिसेंबर १९०८ च्या अखेरीस इटलीतील मेसिना भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि ताफ्यातील काही नौका मदतीसाठी तिकडे वळल्या. सदिच्छेचा सर्वांत खरा अध्याय कार्यक्रमपत्रिकेत नसलेला ठरला.

आता आपल्याकडे पाहू. एका भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचा. गोव्याच्या दिवाडी बेटावरील कारखान्यात रत्नाकर दांडेकर यांनी ‘म्हादेई’ बांधली. १९ ऑगस्ट २००९ रोजी कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून एकटे निघाले आणि वाटेत चार बंदरे करून मे २०१० मध्ये परतले. त्याच नौकेतून २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली. दांडेकरांनीच बांधलेल्या ‘तारिणी’वरून २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी व त्यांच्या पाच सहकारी स्त्रिया, आणि २०२४-२५ मध्ये दिलना के. व रूपा ए. जाऊन आल्या.

आपलेही नौदल युद्धनौका बांधते, मिरवते आणि त्यावर मोठा खर्च करते. त्यामुळे आपण साधू आणि ते दांडगे, अशी वाटणी करण्यात अर्थ नाही. फरक आहे तो खर्चातून काय निपजले याचा. सोळा नौका जगाला दिपवून कालबाह्य झाल्या. ‘म्हादेई’मागून मात्र एका लहान कारखान्याचे कसब वाढले, एकाचा अनुभव दुसऱ्याच्या हाती आला आणि इंधन लागले ते बव्हंशी वाऱ्याचे. ज्या खर्चातून कौशल्य उरते, तो गुंतवणूक. ज्यातून केवळ छायाचित्रे उरतात, तो उपभोग.

त्या विद्यार्थ्याला मी हेच सांगितले, आणि आणखी एक. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि त्यानंतर शिवछत्रपतींच्या आरमाराची गलबते आपल्याच खाडीकाठी बांधली जाऊ लागली. समुद्र आपल्याला परका नाही. परका झाला आहे तो नौकाबांधणीचा कसबी हात. तो पुन्हा घडविणारे शिक्षण या तालुक्यातील मुलांना मिळाले, तर प्रदक्षिणेचा लाभ गावापर्यंत पोचला असे म्हणता येईल.

मात्र नौकेच्या अभिमानाने पाण्याचा प्रश्न सुटत नाही आणि पाण्याच्या प्रश्नाने नौका निरर्थक ठरत नाही. दोन्ही हिशेब वेगळे मांडावेत आणि दोन्ही मागावेत. एस.टी. आली तेव्हा तो म्हणाला, “मग सर, पाण्याचा हिशेब आधी मागू या.” मी त्याला अडविले नाही.