दोरीवरच्या विमानाला इंजिन कोणतं?

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर शिकाऊ वैमानिकाच्या हाती थ्रॉटल असतो. एनसीसीच्या वायुसैनिक शिबिरांत कॅडेट हँडल धरून स्वतःभोवती फिरवतात, त्या कंट्रोल-लाइन मॉडेलला बहुधा ही चैन नसते. दोन बारीक तारा हलवतात एलिव्हेटर, म्हणजे शेपटीवरची वरखाली होणारी पट्टी; थ्रॉटल नव्हे. वेग सांभाळायचा तो इंजिनानेच.

नवखे इथेच फसतात आणि सर्वांत जोरकस इंजिन उचलतात. कसरतींना हवी असते एकसारखी चाल. २० मीटर तारांवर एक फेरी साधारण सव्वापाच सेकंदांची, म्हणजे ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास. लूप घेताना, चढताना, उतरतानाही वेग फार बदलता कामा नये.

अमेरिकेतलं फॉक्स ३५ हे जेमतेम ५.७ घन सेंटिमीटरचं इंजिन याच गुणावर गाजलं. सुईने मिश्रणात इंधन थोडं जास्त ठेवलं, की सपाट उड्डाणात ते शाफ्टच्या एका फेरीआड पेटतं आणि घुरघुरतं. नाक वर झालं की दर फेरीला पेटू लागतं. आवाज चढतो, जोर आपोआप मिळतो. उतारावर पुन्हा घुरघुर!

वजनही बघावं. नाकाशी जड इंजिन आलं की शेपटीत शिसं भरणं आलं, आणि विमान वळायला आळसतं.

गोंदियाचा मे महिना वेगळाच. ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ असते. इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही घटतात. तेव्हा थोडं मोठं इंजिन किंवा हलकं विमान बरं. जुन्या धाटणीच्या इंजिनांना मिथेनॉलमध्ये एरंडेल मात्र सढळ हाताने घालावं.