ब्रिटनमध्ये परिचारिकेची नोंदणी कशी टिकते?

ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून काम करायचं, तर नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या, म्हणजे एनएमसीच्या नोंदवहीत नाव लागतं. परीक्षा देऊन ते एकदा चढलं की कायमचं राहत नाही. दर तीन वर्षांनी आपलं ज्ञान ताजं असल्याचं दाखवावं लागतं. एप्रिल २०१६ पासूनच्या या पद्धतीला ‘रिव्हॅलिडेशन’ म्हणतात. आपण नुकत्याच तिकडे रुजू झाला असाल, तर तयारी आताच सुरू करावी.

आधी कामाचे तास. तीन वर्षांत ४५० तास हवेत, म्हणजे साडेबारा तासांच्या ३६ शिफ्ट. अर्धवेळ काम करणाऱ्यांनाही हे जमतं; मोठी रजा घेतली असेल, तर मात्र हिशेब करून पाहावा.

मग शिक्षणाचे ३५ तास. त्यांतले किमान २० इतरांसोबत शिकण्यात गेलेले असावेत. घरी एकट्याने वाचलेला लेख ३५ मध्ये धरला जातो, या २० मध्ये नाही. आग लागल्यास काय करावं, यासारखं सर्वांना सक्तीचं प्रशिक्षणही आपल्या कामाशी थेट संबंध नसेल तर मोजू नये. गफलत होते ती इथेच.

रुग्ण, नातेवाईक किंवा सहकाऱ्यांचे पाच अभिप्राय लागतात. ते तोंडी असले तरी चालतात; त्याच दिवशी टिपून ठेवावेत.

यानंतरची पाच चिंतनपर टिपणं हा या साऱ्याचा गाभा आहे, आणि कंटाळा येतो तोही यांचाच. जखमेच्या ड्रेसिंगचा वर्ग केला, तर वर्गात काय शिकवलं हे उतरवून काढण्यात अर्थ नाही. आपण काय शिकलो, त्यानंतर वॉर्डात आपल्या हातून काय वेगळं घडू लागलं आणि एनएमसीच्या आचारसंहितेशी त्याचा काय संबंध, हे लिहावं. प्रसंग ताजा असतानाच लिहिलं, तर अर्ध्या तासात होतं. तीन वर्षांनी काहीच आठवत नाही. रुग्णाचं नाव किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील कुठेही नको.

या टिपणांवर एनएमसीकडे नोंदणी असलेल्या दुसऱ्या व्यक्तीशी चर्चा करायची. मग या साऱ्या अटी पूर्ण झाल्याची पुष्टी घ्यायची, शक्यतो आपल्या लाइन मॅनेजरकडून. अर्जात प्रकृती, वर्तन आणि व्यावसायिक विमासंरक्षण यांबद्दलची घोषणाही असते.

अर्ज ऑनलाइन असतो. नोंदणी ३१ ऑक्टोबरला संपत असेल, तर अर्जाची मुदत १ ऑक्टोबर धरावी. अर्ज भरण्याची सोय त्याआधी ६० दिवस सुरू होते. नोंदणी संपली, तर नाव पुन्हा चढेपर्यंत परिचारिका म्हणून काम करता येत नाही. एनएमसीच्या सूचना ईमेलवर येतात. आपला ईमेल पत्ता बदलला असेल, तर तो आजच एनएमसीच्या ऑनलाइन खात्यात दुरुस्त करून घ्यावा.