जुन्या वस्तूंच्या बाजारांतील प्रवासी

यवतमाळ, पुसद किंवा वणी येथील एखादा जुना वाडा पाडावयास काढला म्हणजे वांसे आणि दरवाजे निघण्याच्या आधीं माळ्यावरील भांडीं खालीं येतात. पितळेचा गुंड, तांब्याचें घंगाळ, आजीची समई, धान्य मोजण्याची पायली, सर्व कांहीं मोडीच्या तराजूंत चढतें आणि वजनाप्रमाणें पैसे हातीं पडतात. तेथून पुढें त्या वस्तूंना दोनच वाटा असतात. एक भट्टीची आणि दुसरी जुन्या बाजाराची. भट्टींत गेलेली वस्तु नाहींशी होते. बाजारांत गेलेली निदान कोणाच्या तरी दृष्टीस पडते. म्हणून असा बाजार पाहावयास निघालेल्या प्रवाशानें केवळ गंमत म्हणून न जातां थोडी तयारी करून जावें, हें बरें.

महाराष्ट्रांत असे दोन बाजार विशेष प्रसिद्ध आहेत. पुण्यास मंगळवार पेठेच्या बाजूस रविवारीं आणि बुधवारीं जुना बाजार भरतो. मुंबईस भेंडीबाजारानजीक मटण स्ट्रीट व तिच्या आसपासच्या गल्ल्यांतून चोरबाजार पसरलेला आहे. यवतमाळकडील प्रवाशास धामणगांव स्टेशनावर नागपूर-मुंबई मार्गावरील गाडी मिळते. मुंबईंत ग्रँट रोड स्टेशनाहून बाजार पायीं जाण्याजोगा आहे. येथील गलबल्यावरून याला प्रथम ‘शोर बाजार’ म्हणत आणि साहेबाच्या तोंडीं त्याचा ‘चोर बाजार’ झाला, अशी एक व्युत्पत्ति सांगतात. शुक्रवारीं येथील पक्कीं दुकानें बहुधा बंद असतात आणि रस्त्यावर जुन्यापान्या सामानाच्या पथाऱ्या पडतात. झुंबरें, घड्याळें, शिसवी खुर्च्या, जहाजांवरून उतरविलेले दिवे, सिनेमाचीं जुनीं भित्तिचित्रें हें सर्व निवांतपणें पाहावयाचें असेल, तर दुसरा वार निवडावा.

जुनें दिसणें आणि जुनें असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें तेथें पदोपदीं आठवावें लागतें. पितळी कर्ण्याचे झगझगीत ग्रामोफोन प्रवाशाचें मन प्रथम वेधून घेतात. त्यांतील पुष्कळसे अलीकडेच सुटे भाग जुळवून व नवा कर्णा बसवून तयार केलेले असतात. पेटीवर प्रसिद्ध कंपनीचें कुत्र्याचें चित्र चिकटविलें म्हणून यंत्र त्या कंपनीचें ठरत नाहीं. नाण्यांचेंही तसेंच आहे. एका बाजूस रामपंचायतन, दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचें नांव आणि १८१८ साल, अशीं नाणीं मोठ्या किंमतीस दाखविलीं जातात. कंपनीनें अशीं नाणीं कधींच पाडलीं नाहींत. १८३५ च्या कायद्यानंतर कंपनीच्या रुपयावर चौथ्या विल्यम राजाचा, आणि पुढें १८४० च्या रुपयावर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा आला. त्या रुपयाचें वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. खिशांत लहानसा वजनकांटा असला, तर विक्रेत्याच्या निम्म्या वर्णनाचा निकाल तेथल्या तेथें लागतो.

भांड्यांची परीक्षा बोटांनीं करावी. खऱ्या वापराची झीज जेथें हात लागतो तेथेंच दिसते. कडीच्या आंतील अंगास, समईच्या दांड्यावर, अडकित्त्याच्या पात्याजवळ ती सांपडते. सर्वत्र सारखाच काळेपणा असला, तर तो काळानें आणलेला नसून कारागिरानें आणलेला असण्याचा संभव अधिक. याच वेळीं भांड्याच्या कांठावर टिंबाटिंबांनीं कोरलेलीं अक्षरें पाहावींत. आपल्याकडे लग्नांत आहेराच्या भांड्यावर देणाराचें नांव, घेणाराचें नांव आणि तारीख घालण्याची चाल आहे. असें एक घंगाळ हें कुटुंबाच्या इतिहासाचें एक पानच होय. घरीं नेल्यावर तें घासून लखलखीत करण्याच्या भरांत तींच अक्षरें पुसून टाकणें, यासारखें दुर्दैव नाहीं.

खरेदीच्या वेळीं कायद्याचीही ओळख असावी. १९७२ सालीं संमत होऊन ५ एप्रिल १९७६ पासून अंमलांत आलेल्या पुरावस्तु व कलानिधि कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनी कलावस्तु, तसेंच पंचाहत्तर वर्षांहून जुनें महत्त्वाचें हस्तलिखित, हीं पुरावस्तु ठरतात. त्यांच्या व्यापारास परवाना लागतो. शिल्पें, चित्रें आणि सचित्र पोथ्या यांसारख्या प्रकारांची नोंदणी करावी लागते. आणि खाजगी माणसास अशी वस्तु परदेशीं नेतां येत नाहीं. म्हणून परदेशांतील आप्तांस भेट पाठविण्याचा विचार असेल, तर आधीं वस्तूचें वय पाहावें आणि पावती अवश्य घ्यावी.

परंतु कायद्याहून जवळचा असा एक प्रश्न आहे. या बाजारांत कधीं कधीं देवघरांतील चांदीचे टाक दिसतात. खंडोबा, भवानी किंवा घराण्यांतील पूर्वज त्यांवर उठविलेले असतात. ते कोणी अडचणीपोटीं विकले, कीं कोठून चोरीस गेले, हें टाक सांगत नाहीं. एखाद्या देवळांतून उचललेल्या मूर्तीबद्दलही तेंच. विकणारा जर ती कोठून आली हें सांगण्यास कांकूं करीत असेल, तर ती कितीही सुंदर असो, प्रवाशानें हात मागें घ्यावा. गिऱ्हाईक नसेल, तर चोरीसही अर्थ उरत नाहीं.

याउलट डोळस संग्राहक काय करूं शकतो, याचें उदाहरण पुण्यांतच आहे. ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनीं १९२० च्या सुमारास दिवे, दौती, अडकित्ते, फण्या, दरवाजे असल्या घरगुती वस्तू जमविण्यास आरंभ केला. अकालीं गेलेल्या आपल्या राजा नांवाच्या मुलाच्या स्मरणार्थ उभारलेला सुमारे २० हजार वस्तूंचा हा संग्रह त्यांनीं पुढें महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. ज्या वस्तू इतरांनीं अडगळ म्हणून टाकल्या, त्याच आज तेथें कांचेआड आहेत.

प्रत्येक घराला संग्रहालय होतां येणार नाहीं. तशी गरजही नाहीं. बाजार पाहून परतलेल्या प्रवाशानें एकदां स्वतःच्या माळ्यावर चढावें. तेथील गुंड कोणाच्या लग्नांतला, समई कोणत्या गांवाहून आली, हें घरांतील वडील मंडळींस विचारून एका चिठ्ठीवर लिहावें आणि ती चिठ्ठी भांड्यास बांधावी. पितळ आणि तांबें यांना बाजारांत भाव मिळतो. ही माहिती मात्र सांगणारें माणूस गेलें, कीं कोणत्याही बाजारांत मिळत नाहीं.